शाळेत नवा नियम आला म्हणतात, तो खरा का? ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महापालिका, जिल्हा परिषद आणि खासगी अनुदानित शाळांत मुलं असलेल्या पालकांसाठी आहे. विनाअनुदानित शाळांचा विषय जिथे टाळता येत नाही तिथेच आला आहे. माहिती शैक्षणिक वर्ष २०२५-२६ मधल्या स्थितीची आहे. एका महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी काम केलं आहे, त्यामुळे अधूनमधून माझं मतही डोकावेल.

आमच्या शाळेचा खरा वरिष्ठ कोण? महापालिका, जिल्हा परिषद की मंत्रालय?

तिघेही, पण कामं वेगळी. नियम करतो मंत्रालयातला शालेय शिक्षण व क्रीडा विभाग. त्यांची अंमलबजावणी पुण्याहून शिक्षण आयुक्त आणि प्राथमिक-माध्यमिकचे संचालक पाहतात. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड मिळून एक विभाग होतो, त्याला शिक्षण उपसंचालक असतात. त्याखाली जिल्हा परिषदेत दोन अधिकारी महत्त्वाचे: शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक). तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, आणि साधारण दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख.

हे झालं शहापूर-मुरबाडचं चित्र. ठाणे जिल्ह्यात मात्र सहा महापालिका आहेत: ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, मीरा-भाईंदर आणि भिवंडी-निजामपूर. यांच्या हद्दीत प्राथमिक शिक्षण महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे असतं. अनुदानित माध्यमिक शाळा मात्र हद्द महापालिकेची असली तरी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडेच. म्हणून एकाच संस्थेच्या एकाच इमारतीत खालच्या मजल्यावरची प्राथमिक शाळा एका कार्यालयाकडे आणि वरच्या मजल्यावरचं हायस्कूल दुसऱ्याकडे, असा प्रकार नौपाड्यापासून वाशीपर्यंत सर्रास दिसतो. पालकाचा अर्ज ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत फिरतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

दहावीची परीक्षा, प्रवेशपत्र, गुणपत्रिका हे प्रकरण वेगळं. ते राज्य मंडळाच्या मुंबई विभागीय मंडळाकडे, म्हणजे वाशीच्या कार्यालयाकडे जातं.

आम्ही खारघरला राहतो. तक्रार नवी मुंबई महापालिकेत करायची ना?

नाही. पत्त्यात नवी मुंबई लिहिलं तरी खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतो. नवी मुंबई महापालिकेची हद्द ठाणे जिल्ह्यात, दिघा-ऐरोलीकडून बेलापूरपर्यंत. खारघरच्या अनुदानित हायस्कूलबद्दलचा अर्ज जाईल तो अलिबागला, रायगड जिल्हा परिषदेत. प्राथमिकसाठी आधी पनवेलचे गटशिक्षणाधिकारी गाठा, अलिबागची खेप वाचते.

शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागून घ्या. तो २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे आकडे जिल्हा, तालुका असे उतरत जातात. अर्जावर हा क्रमांक असला की शाळा कोणाच्या दप्तरात आहे यावर वाद होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जीआर खरा की खोटा, कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

जीआर म्हणजे शासन निर्णय. खऱ्या शासन निर्णयावर वर विभागाचं नाव, निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक असतो. खाली शेवटच्या परिच्छेदात ‘सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक असा आहे’ अशा अर्थाचं वाक्य असतं आणि पुढे लांबलचक आकडा. त्या आकड्याची सुरुवातच वर्ष, महिना, तारीख अशी असते. २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाचा संकेतांक २०२४०८२१ ने सुरू होणार. कागदावरची तारीख आणि संकेतांकाची सुरुवात यांत बरंच अंतर दिसलं तर तिथेच थांबा. जुळली तरी तो आकडा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या भागात टाकून मूळ प्रत उतरवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे कागदाचा प्रकार बघा. अधिसूचना राजपत्रात येते आणि कायद्याखालचे नियम बदलते. शासन निर्णय म्हणजे विभागाचा आदेश. परिपत्रक सहसा आधीच्या आदेशाचा खुलासा करतं किंवा आठवण देतं. शुद्धिपत्रक जुन्या निर्णयातली एखादी ओळ बदलतं, आणि नेमकी तीच ओळ आपल्या कामाची निघते. मंत्र्यांनी पत्रकारांसमोर केलेली घोषणा यांपैकी काहीच नसते. ती बातमी म्हणून ऐकावी, पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटायला कागद लागतो.

तिसरं, तो आदेश अजून जिवंत आहे का? जुना, रद्द झालेला निर्णय दर जूनमध्ये नव्यासारखा फिरतो. खोट्या जीआरपेक्षा या शिळ्या जीआरचाच त्रास जास्त आहे.

पहिलीपासून हिंदी सक्तीची आहे की नाही?

नाही. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ हा शब्द गेला, पण सर्वसाधारणपणे हिंदी असेल आणि दुसरी भाषा हवी असल्यास वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत अशी अट होती. २९ जून २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्रिभाषा सूत्रासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. म्हणजे मराठी शाळेत पहिलीपासून मराठी आणि इंग्रजी, हिंदी पाचवीपासून, ही जुनी घडी कायम राहिली.

अडीच महिन्यांत तीन वळणं. यातला फक्त पहिला कागद दाखवून कुणी वह्या-पुस्तकं विकत घ्यायला लावत असेल, तर बाकीच्या दोन तारखा त्यांना सांगा.

नवी पुस्तकं कोणत्या वर्गाला कधी येणार?

राज्याच्या नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात जून २०२५ मध्ये पहिलीपासून झाली. जाहीर वेळापत्रकानुसार २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. २०२७-२८ मध्ये पाचवी, सातवी, नववी, अकरावी. २०२८-२९ मध्ये आठवी, दहावी, बारावी. मोठ्या भावंडाची पुस्तकं धाकट्यासाठी जपून ठेवणाऱ्या घरांनी हा क्रम भिंतीवर लावावा.

पुस्तकातच कोरी पानं जोडण्याचा २०२३ चा प्रयोग २०२५-२६ पासून बंद झाला आहे. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू होता. मुलांनी पानंही वापरली आणि वह्याही नेल्या.

शाळा सारखी आधारच्या मागे का लागते? आधार नाही म्हणून प्रवेश नाकारू शकतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाकारू शकत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही हे स्पष्ट केलं आहे.

मग बाई रोज मुलाच्या वहीत चिठ्ठी का पाठवतात? कारण शाळेला किती शिक्षक मिळणार हे ‘संच मान्यता’ ठरवते. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो, आणि त्यातही ज्यांचं आधार संगणक प्रणालीत वैध ठरलं आहे तीच मुलं. तुमचं मूल रोज शाळेत येतं, खिचडी खातं, कवायत करतं, पण जन्मतारखेत एक आकडा चुकला असेल किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी असेल, तर शिक्षक मोजताना ते मूल नाहीच.

आता हिशेब बघा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पट ९३ आणि त्यातल्या चार जणांचं आधार अडकलं, की कागदावर ८९. चौथ्या शिक्षकाचं पद गेलं. शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळेत समायोजनाला जातो आणि त्याच्या वर्गातली मुलं उरलेल्या तिघांत वाटली जातात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलल्यावर कमी पटाच्या वरच्या वर्गांचा प्रश्न आणखी बिकट झाला आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. शहापूरच्या पाड्यावर पट भरत नाही ही चिंता, तर तुर्भे-घणसोलीसारख्या वस्तीत रोज नवी मुलं येतात आणि त्यांची कागदपत्रं गावाकडे राहिलेली असतात ही.

पटाचं मोजमाप नेमकं हवं हे मान्य. खोटी पटसंख्या दाखवण्याचे प्रकार या राज्यात झालेले आहेत. पण कागदातल्या चुकीची शिक्षा जिवंत मुलाच्या वर्गाला देणं मला पटलेलं नाही.

तुमच्या हातात एवढं आहे: जुलै-ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांना विचारा, ‘आमच्या मुलाचं आधार वैध दाखवतंय का?’ पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात ते मोफत आहे, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभरासाठी मधल्या वयोगटालाही शुल्क माफ केलं आहे.

अपार क्रमांकाचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम ओळख क्रमांकाचं, मात्र वेगळं आहे. तो पालकांच्या संमतीने काढायचा असतो, त्याचा संमतीचा नमुना असतो. वाचूनच सही करा.

आमच्या बाई वीस वर्षं शिकवतायत. त्यांनाही म्हणे परीक्षा द्यायची आहे. हे काय?

ही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणारे, आधीपासून सेवेत असलेले आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेले शिक्षक दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण झाले पाहिजेत. पाच वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर नोकरी राहील, पदोन्नती मात्र मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना हे कितपत लागू, हा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला आहे.

राज्यात ही परीक्षा २०१३ पासून पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. त्याआधी लागलेल्यांनी ती दिलेली नसणार, हे उघड आहे. पन्नाशीच्या आसपासच्या शिक्षकांत धास्ती आहे. एखाद्या बाईंनी टीईटी दिलेली नाही म्हणजे त्या अपात्र, असा अर्थ पालकांनी आजच काढू नये. त्यांची मुदत २०२७ पर्यंत आहे.

पाचवी-आठवीत मूल नापास होऊ शकतं का?

हो, आता होऊ शकतं. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि राज्याने ७ डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पहिल्या फेरीत राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घ्यायची असते. तीही गेली तरच त्याच वर्गात थांबवता येतं. शाळेतून काढून टाकता मात्र येत नाही. ‘दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा’ असं कुणी सांगितलं तर ते बेकायदेशीर आहे. पुनर्परीक्षेआधी मार्गदर्शनाचे तास खरंच झाले का, हेही विचारा.

गणवेश या वर्षी कोण देणार?

पुन्हा शाळा व्यवस्थापन समिती. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड आणि शिलाई वरून ठरली. कुठे गणवेश वेळेवर पोचला नाही, कुठे मापं चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने २०२५-२६ पासून जुनी पद्धत परत आणली. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेशांना ६०० रुपये धरलेले आहेत. आजच्या भावात त्यात काय येतं हे ठाण्याच्या बाजारात एकदा विचारून या.

महापालिका आपल्या अंदाजपत्रकातून दप्तर, वह्या वगैरे देते, तो हिशेब वेगळा. शासनाचा गणवेश आणि महापालिकेचं साहित्य यांची गल्लत होते आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

खिचडीचं प्रमाण किती असतं? अंडी बंद झाली का?

पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० उष्मांक, २० ग्रॅम. वाढण्याआधी चव घेऊन नोंद ठेवायची असते. ती नोंदवही पालक बघायला मागू शकतात. २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा स्वतंत्र निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून करावं असं सुचवलं. वागळे इस्टेटच्या वस्तीतली शाळा लोकसहभाग कुठून आणणार, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही.

बदलापूरच्या घटनेनंतर शाळांवर काय बंधनं आली? आमच्या शाळेत ती पाळली जातात का, कसं कळणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरच्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शासन निर्णय निघाला. महिनाभरात शाळेत सीसीटीव्ही बसवायचे. नाही बसवले तर अनुदान रोखणं किंवा मान्यता रद्द करण्यापर्यंत कारवाई. चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर. कर्मचारी नेमताना पोलीस पडताळणी, सफाई कामगार, मदतनीस, वाहनचालक यांच्यासह. लहान वर्गांसाठी शक्यतो महिला कर्मचारी. तक्रारपेटी ठरावीक काळाने उघडायची. अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत वरिष्ठांना कळवायचं.

मुलांच्या सुरक्षिततेसाठीची ‘सखी सावित्री’ समिती तर मार्च २०२२ च्या निर्णयापासून प्रत्येक शाळेत असायला हवी होती. बदलापूरनंतर ती किती ठिकाणी फक्त फलकावर होती हे बाहेर आलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती बसली, आणि मे २०२५ मध्ये सुरक्षेबाबत आणखी एक सविस्तर निर्णय आला.

पालक सभेत ‘सीसीटीव्ही आहेत का’ असं विचारू नका, ‘आहेत’ असंच उत्तर येईल. चालू किती आहेत, चित्रण किती दिवस साठतं, शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं, त्याची नोंद कुठे आहे, हे विचारा. स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ कॅमेऱ्यात येतो का? कंत्राटदाराच्या माणसांची पडताळणी कोणाच्या नावावर आहे? महापालिका शाळांत सफाई आणि सुरक्षा ठेकेदाराकडे असते आणि ठेका बदलला की माणसं बदलतात. पडताळणीची फाईल मात्र जुन्याच माणसांची राहते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. संस्थेचा प्रमुख असेल तर शिक्षा जास्त. ‘शाळेची बदनामी होईल, आपण आत मिटवू’ हे वाक्य ऐकलं की थेट पोलीस ठाणं किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

शाळा व्यवस्थापन समितीला काही अधिकार आहेत, की नुसत्या सह्या?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सचिव, मुदत दोन वर्षं. महिन्याला बैठक. शाळेच्या अनुदानाचा विनियोग पाहणं, शाळा विकास आराखडा करणं, शिक्षकांच्या हजेरीवर आणि पोषण आहारावर देखरेख ठेवणं ही तिची कामं. खासगी विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही, आणि अल्पसंख्याक शाळांत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे.

सह्यांपुरती समिती राहते, कारण पालक सभेची सूचना आदल्या संध्याकाळी येते आणि नाका कामगार किंवा घरकाम करणाऱ्या बाईला सकाळी अकराच्या बैठकीला येणं म्हणजे दिवसाची मजुरी सोडणं. हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक असतं. आमच्या समितीने बैठक शनिवारी संध्याकाळी लावून घेतली, तेव्हा उपस्थिती वाढली आणि इतिवृत्तात पहिल्यांदा प्रश्न उमटले. इतिवृत्त त्याच बैठकीत लिहून वाचून दाखवायला सांगा. नंतर लिहिलेल्या इतिवृत्तात सगळे ठराव एकमताने होतात.

विकास आराखड्यात जे लिहिलं नाही ते वरून मंजूर होत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, हे पहिल्या पानावर लिहा.

चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवता येत नाही ना?

८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे. खरी अडचण असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडून सूट घेता येते. एकाच इमारतीत दोन सत्रं चालणाऱ्या आपल्याकडच्या शाळांना नऊची वेळ बसवणं अवघडच जातं. सकाळी सातची शाळा असेल तर सूट मिळाल्याचा आदेश दाखवायला सांगा.

गावाहून आलो, शाळा सोडल्याचा दाखला नाही, वर्ष अर्धं गेलंय. प्रवेश मिळेल?

मिळायलाच हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा येणं हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात बसवायचं असतं. पहिलीसाठी राज्यात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हा निकष आहे.

दिव्यात कमी फीची इंग्रजी शाळा घरासमोरच आहे. मान्यता आहे की नाही कसं बघायचं?

महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते आणि त्यात दिवा-मुंब्र्याची नावं भरपूर असतात. यादीत नाव नाही म्हणजे मान्यता आहे असंही नाही. शाळेकडून यूडायस क्रमांक, मान्यतेचा आदेश आणि तो कितवीपर्यंतचा आहे हे मागा. चौथीपर्यंत मान्यता आणि वर्ग सातवीपर्यंत, हा नेहमीचा प्रकार आहे. मान्यतेविना शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दररोज दहा हजार, असं कायदा म्हणतो. तरी शाळा चालतात, कारण जवळ महापालिकेची शाळा नसते किंवा असली तर रूळ ओलांडून जावं लागतं.

महापालिकेच्या सीबीएसई शाळांना राज्याचे नियम लागतात का?

नवी मुंबई महापालिकेच्या सीवूड्स आणि कोपरखैरणे इथे अशा शाळा आहेत. अभ्यासक्रम केंद्रीय मंडळाचा. शिक्षण हक्क कायदा, सुरक्षेचे आदेश आणि २०२० चा मराठी सक्तीचा कायदा तिथेही लागू. मराठी न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या २५ टक्के राखीव प्रवेशात आता पुन्हा खासगी शाळा मिळतात का?

हो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट दिली होती. उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला की पाचवीला?

पुन्हा चौथी आणि सातवीला. २०२५-२६ हे बदलाचं वर्ष असल्याने त्यात पाचवी-आठवीचीही ठेवली गेली.

बाई निवडणुकीच्या कामाला जातात, वर्ग रिकामा. हे चालतं का?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना मुभा दिली आहे. बाकी अशैक्षणिक कामं देऊ नयेत. कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं नाही याची यादीच ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात आहे. पुढे जनगणना येते आहे: घरांची मोजणी २०२६ मध्ये, माणसांची फेब्रुवारी २०२७ मध्ये. शिक्षक बाहेर जाणारच. त्या दिवसांत वर्ग कोण घेणार, याचं लेखी नियोजन समितीच्या बैठकीत आधीच मागून ठेवा.

सगळं करून पाहिलं, कोणी ऐकत नाही. पुढे काय?

तोंडी सांगणं थांबवा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पंधरा दिवस गेले की त्याच अर्जाची प्रत जोडून केंद्रप्रमुख किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. नंतर शिक्षणाधिकारी, मग उपसंचालक. पायरी चुकवून थेट मंत्र्यांना लिहिलेलं पत्र फिरत फिरत शेवटी केंद्रप्रमुखांच्याच टेबलावर येतं.

तरीही हललं नाही तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून रडगाणं न लिहिता कागद मागा: ‘मागील दोन शैक्षणिक वर्षांतील शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या साक्षांकित प्रती’, किंवा ‘शाळेच्या ताज्या संच मान्यतेची प्रत’. ‘अमुक का केलं नाही’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं छापील उत्तर येतं. तीस दिवसांत काहीच आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं, पुढच्या तीस दिवसांच्या आत.